कुंपणाबाहेरची लेना

सकाळी सहाला दुबईतल्या करामातून कंपनीची बस सुटायची आणि सफा पार्क मागे पडायच्या आत विभावरी गुप्तेचे डोळे मिटलेले असायचे. शेजारी बसणारी बिलकीस तिची पर्स आपल्या मांडीवर घ्यायची. जबल अलीच्या गेटपाशी बस थांबली, की ती विभावरीला कोपरानं ढोसायची. "उठा विभाताई, आलं." श्रीवर्धनची ही बिलकीस टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी बघायची. वर्षानुवर्षं दोघींचा हा क्रम चालला होता.

विभावरी थकलेली बाई होती. आजारी नव्हती, दुःखी म्हणावी तर तसंही काही नव्हतं. नवरा राजन देऱ्यात इन्शुरन्सच्या ऑफिसात, मुलगा अथर्व शाळेत, घरात दोन खोल्या आणि दोन एसी. सगळं जागच्या जागी. पण आठवड्यातून एक शुक्रवार मिळायचा, तोही कपडे, भाजी आणि राजनच्या मित्रांच्या जेवणात संपायचा. झोप पुरी झाल्याचं तिला कधी आठवतच नव्हतं. कल्याणला असताना तिनं शॉर्टहँडच्या परीक्षेत मिनिटाला एकशेवीस शब्दांचं सर्टिफिकेट मिळवलं होतं, त्या जोरावर इथं सेक्रेटरी झाली. कंपनी समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लोखंडी सांगाडे बनवायची. बाहेर यार्डात दिवसभर घणाचे घाव पडायचे आणि आत पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये विभावरी टाइप करायची.

तिचे साहेब हॅरल्ड लिंडक्विस्ट. तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना 'मिस्टर हॅरल्ड' म्हणायचे. अमेरिकन, त्रेसष्ट वर्षांचे, विधुर. वेल्डिंगचा एकेक सांधा तपासून पास करायचा की नाही, हे ठरवणारा माणूस. बोलणं कमी. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. सही करताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे आणि विभावरी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायची.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिच्या टेबलावर बुटांचं एक खोकं आणून ठेवलं. आत सात वह्या होत्या.

"विभा, हे माझ्या आईचं. ती गावात एकतीस वर्षं पोस्टमास्तरीण होती. गावाचा इतिहास लिहीत होती. दोन वर्षांपूर्वी गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये गावाला एकशे पंचवीस वर्षं होतायत आणि पुस्तक मी पुरं करावं असं गावाचं म्हणणं आहे."

"केवढं आहे गाव?"

"एकशे चोवीस माणसं. मला धरून."

"पण तुम्ही तर इथे आहात."

"म्हणजे एकशे तेवीस," ते म्हणाले. मग हाताकडे बघून म्हणाले, "मला लिहिता येत नाही आता. मी सांगेन, तू उतरवून घेशील? रोज सुट्टीतला अर्धा तास. तू किती दमलेली असतेस हे मला दिसतं. नाही म्हणालीस तरी मी काही मनात धरणार नाही."

ती नाहीच म्हणणार होती. पण इतक्या वर्षांत सगळ्यांनी तिला कामं सांगितली होती, ती दमली आहे हे कुणाला दिसलं नव्हतं. नाही हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

तेव्हापासून रोज डबा खाऊन झाला, की ती शॉर्टहँडची वही घेऊन त्यांच्यासमोर बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या आधी कंप्युटरवर टाइप करून द्यायची. गावाचं नाव सॉलबर्ग. नेब्रास्का नावाच्या राज्यात, जिथं क्षितिजापर्यंत नुसतं गवत होतं, तिथं स्वीडनहून आलेल्या अकरा कुटुंबांनी ते वसवलं. लाकूड मिळेना म्हणून गवत मुळांसकट कापून त्याच्या विटांची घरं बांधली. पावसात छतातून चिखल गळायचा आणि बायका छत्री धरून स्वयंपाक करायच्या. दुसऱ्याच वर्षी टोळ आले. त्यांनी मका खाल्ला, कांदे जमिनीतून उकरून खाल्ले, दोरीवरचे कपडे खाल्ले. मग रेल्वे आली, पण चार मैल दक्षिणेला. गावकऱ्यांनी काय करावं? थंडीत बर्फ कडक झाल्यावर घरांखाली ओंडके घातले आणि पंधरा घरं, एक दुकान आणि एक चर्च घोड्यांनी ओढत रुळांपाशी नेलं.

"माणसं आत होती?" विभावरीनं विचारलं.

"एका बाईला कळा येत होत्या. ती आतच होती. मुलगा एका जागी जन्माला यायला लागला आणि दुसऱ्या जागी आला," मिस्टर हॅरल्ड म्हणाले. तिनं त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

सुरुवातीला तिला हे सगळं परकं वाटायचं. नुसती नावं, जमिनीचे नकाशे, चर्चच्या घंटेचं वजन. पण हळूहळू ती माणसं तिच्या ओळखीची झाली. भाजी चिरताना ती राजनला सांगायची, अरे त्या अँडरसनच्या विहिरीला शेवटी पाणी लागलं. राजन पेपरातून मान वर करायचा.

"आपल्या गुप्त्यांचं मूळ गाव कुठलं, हे विचारलं तर तुला सांगता यायचं नाही. आणि ह्या अँडरसनची विहीर तुझी कोण लागते?"

"मम्मी, इट्स नॉट इव्हन अ टाऊन," अथर्व म्हणायचा. त्यानं शाळेतल्या अ‍ॅटलासमध्ये शोधलं होतं, सापडलं नव्हतं.

रमजान संपून ईद झाली. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मिस्टर हॅरल्ड खोक्यातली शेवटची, सातवी वही घेऊन बसले. ती त्यांनी तोवर वाचलेली नव्हती, हे विभावरीला नंतर कळलं. ते वाचत गेले आणि ती उतरवत गेली. अर्धा तास झाला, तास झाला. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला तरी ते थांबले नाहीत. आवाज चढला नाही की उतरला नाही. विभावरीचा हात चालत राहिला, पण दुसऱ्याच पानावर तिला कळलं होतं, की आज काही तरी वेगळं चाललं आहे.

गावात फोगेल नावाचं एक जर्मन कुटुंब होतं. बाप लोहार. एकोणीसशे अठरा साली अमेरिका जर्मनीशी लढत होती. आदल्या वर्षापर्यंत ज्याच्याकडून सगळ्यांनी नांगर दुरुस्त करून घेतले, त्या फोगेलच्या दारावर गावानं गद्दार म्हणून पिवळा रंग फासला. एका रविवारी चर्च सुटल्यावर त्याला रस्त्यात गुडघ्यावर बसवून अमेरिकेच्या झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. ह्यात पुढे होते ते मिस्टर हॅरल्डचे आजोबा, चर्चचे कारभारी. त्याच ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि फोगेलची सहा वर्षांची मुलगी लेना तापानं गेली. आजोबांनी सांगितलं, आमच्या दफनभूमीत जागा नाही. बापानं स्वतः खड्डा खणून मुलीला कुंपणाबाहेर पुरलं. आठवड्यानं ते कुटुंब चार वर्षांच्या धाकट्या मुलीला घेऊन घोडागाडीतून निघून गेलं. त्यांचं घर आणि जमीन आजोबांनी घेतली.

मिस्टर हॅरल्डची आई तेव्हा दहा वर्षांची होती. लेनाला हाताला धरून शाळेत नेण्याचं काम तिचं. पुढे ती त्याच कारभाऱ्यांच्या घरात सून म्हणून आली आणि पोस्टमास्तरीण झाली. पोस्टातल्या एका खणात तिला पत्रांचा गठ्ठा सापडला. लेनाच्या आईची पत्रं. दर ऑक्टोबरात एक, मजकूर दरवर्षी तोच. माझ्या मुलीची जागा कुणी बघतं का? निदान तिथे काही खूण आहे का? आधीच्या पोस्टमास्तरानं एकालाही उत्तर दिलं नव्हतं. सुनेनं सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "आज कबर विचारतायत, उद्या घर मागतील." तिनंही पत्रांना उत्तर दिलं नाही. पण एकदा एकटी जाऊन कबरीवर लिलॅकचं रोप लावून आली. लिलॅक म्हणजे जांभळ्या फुलांचं झुडूप. वहीत तिनं नोंद केली होती: कुंपणाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या खांबापासून सरळ पूर्वेला बावीस पावलं. पत्रं एकोणीसशे सत्तेचाळीसपर्यंत येत राहिली. मग थांबली.

मिस्टर हॅरल्डनी वही मिटली.

"मी त्या घरात जन्मलो, विभा," ते म्हणाले. "माझी बहीण आयलीन आजही त्या घरात राहते."

तिनं त्यांना चहा आणून दिला. तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ते तिच्या आधी येऊन बसले होते. सातव्या वहीची पानं त्यांनी फाडून ठेवली होती. तिच्यादेखत त्यांनी ती एकेक करून कागद कापायच्या मशीनमध्ये घातली. कागदाच्या पट्ट्या खालच्या डब्यात पडत राहिल्या.

"कालचं काही टाइप करू नकोस. आणि शाळेच्या पटात एक नाव राहिलंय, तेही काढ."

तिनं फाइल उघडली. एकोणीसशे अठराचा पट, सव्वीस मुलं. सतरावं नाव 'फोगेल, लेना'. तिनं कर्सर तिथं नेला आणि बटण दाबलं. खालची नावं एकेक ओळ वर सरकली आणि सव्वीसची पंचवीस झाली. साहेबांनी सांगितलं, तिनं केलं. तिचं कामच ते होतं. पण त्या दिवशी बसमध्ये तिला झोप लागली नाही.

तिच्या शॉर्टहँडच्या वहीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. आणि तिनंही, भरलेल्या वहीवर तारीख घालून ती खोक्यात टाकायच्या इतक्या वर्षांच्या सवयीनं, तीही तशीच टाकली.

पुस्तक छापून झालं, दोनशे प्रती. जूनमध्ये मिस्टर हॅरल्ड रिटायर होऊन गेले. जाताना त्यांनी तिला एक प्रत दिली. पहिल्या पानावर छापलं होतं: ह्यातला प्रत्येक शब्द मिसेस व्ही. गुप्ते यांनी टाइप केला. खाली कंपनीचा पोस्टबॉक्स नंबरही होता. तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं पुस्तक कपाटात अथर्वच्या जुन्या रंगांच्या डब्याखाली ठेवलं.

नंतरची चार वर्षं कशी गेली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नवे साहेब स्वतःच टाइप करायचे. शॉर्टहँडची कुणाला गरज उरली नाही. तिला डॉक्युमेंट कंट्रोलर केलं, म्हणजे दिवसभर ड्रॉइंगांवर नंबर घालायचे. गुडघा दुखायला लागला. बस सहाऐवजी पावणेसहाला सुटायला लागली, कारण शेख झायेद रोडवर ट्रॅफिक वाढली होती. डिसेंबरात मिस्टर हॅरल्डचं कार्ड यायचं. पहिल्या वर्षी त्यांची सही वेडीवाकडी होती, तिसऱ्या वर्षी सही कुणा नर्सनं केली होती. त्यावर एका नर्सिंग होमचा पत्ता आणि फोन नंबर होता.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात ऑफिसच्या टपालात तिच्या नावाचं एक पत्र आलं. अमेरिकेचं तिकीट, पण अक्षर अनोळखी. लिहिणारी डोरोथी नावाची एकाहत्तर वर्षांची बाई होती.

'माझी आई ह्या वसंतात वारली,' तिनं लिहिलं होतं. 'तिच्या बायबलमध्ये तिच्या थोरल्या बहिणीचं नाव सापडलं. लेना फोगेल, १९१२ ते १९१८, सॉलबर्ग. आजी मरेपर्यंत ह्या मुलीसाठी रडायची, एवढंच मला माहीत होतं. उन्हाळ्यात मी सॉलबर्गला जाऊन आले. चर्चच्या रजिस्टरात फोगेल नाहीत. तिथल्या एका माणसानं मला गावाचं पुस्तक दिलं, त्यातही नाहीत. ज्यांनी पुस्तक लिहिलं ते फार आजारी आहेत, त्यांच्या बहिणीनं मला भेटू दिलं नाही. पुस्तकात तुमचं नाव आहे. प्रत्येक शब्द तुम्ही टाइप केलात असं लिहिलंय. कुठे फोगेल हे नाव आल्याचं तुम्हाला आठवतं का? आठवत नसलं तर ह्या म्हातारीला माफ करा.'

विभावरीनं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि सतरा ड्रॉइंगांवर नंबर घातले. अठराव्यावर चुकीचा घातला. मग ती उठली आणि स्टोअरच्या खोलीत गेली. जुन्या फायलींच्या मागे तिची खोकी होती. खाली बसताना गुडघा कडाडला. फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवची वही तिसऱ्या खोक्यात निघाली.

तिचंच अक्षर, पण चार वर्षांत हात आणि डोळा दोन्ही सुटले होते. त्या बारीक रेघा आणि ठिपके बराच वेळ नुसतेच रेघा आणि ठिपके दिसत राहिले. मग एक शब्द लागला, पिवळा. मग दार. मग एकामागून एक सगळे यायला लागले आणि त्यांच्याबरोबर मिस्टर हॅरल्डचा तो सपाट आवाजही आला.

त्या शुक्रवारी सगळे खोर फक्कानच्या समुद्रावर गेले होते. राजनच्या ऑफिसातली दोन कुटुंबं बरोबर होती. पोरं पाण्यात गेल्यावर विभावरीनं राजनला सगळं सांगितलं. तो वाळूत आडवा पडून ऐकत होता.

"तू ह्यात पडू नकोस," तो म्हणाला. "साहेबानं विश्वासानं सांगितलं. नंतर नको म्हणाला. खलास. उद्या त्या लोकांत जमिनीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, तर तुझं नाव येईल. नसती उठाठेव."

"ती जमीन मागत नाहीये रे. जागा विचारतेय फक्त."

"सुरुवात तशीच होते."

तिच्या सासऱ्यासारखं बोलतोयस, असं विभावरीच्या ओठावर आलं होतं. पण ते 'तिच्या' म्हणजे त्या पोस्टमास्तरणीच्या, हे समजावत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं.

शनिवारी बसमध्ये तिनं बिलकीसला सांगितलं. ऐकून झाल्यावर बिलकीस म्हणाली, "माझे मोठे मामू मस्कतला वारले. जहाजावर होते. कुठे दफन केलं ते कुणी नीट सांगितलंच नाही. अम्मी मरेपर्यंत मस्कतहून आलेल्या प्रत्येक माणसाला विचारायची. लोक कंटाळायचे तिला." तिनं मांडीवरची पर्स सावरली. "मय्यतची जागा माहीत असून सांगायची नाही, हे बरं नाही, विभाताई. पण त्या साहेबांनाही आधी विचारा. त्यांची अमानत आहे."

म्हणून तिनं फोन केला. संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे सकाळचे आठ वाजलेले. "मिनिटाला तीन दिरहम. चाळीस रुपये झाले," राजन पुटपुटला आणि अथर्वला घेऊन खाली दुकानात गेला. आपल्याला एकटीला बोलता यावं म्हणून तो गेला, हे विभावरीला समजलं.

नर्सनं रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"मिस्टर हॅरल्ड, मी विभा. जबल अलीहून."

"विभा." आवाज कागदावर कागद घासावा तसा झाला होता. "तिकडे... उकडतंय का?"

"आता कमी झालंय." मग तिनं एका दमात सांगून टाकलं. डोरोथीचं पत्र, बायबल, लेनाचं नाव. "ती जागा विचारतेय, सर. दुसरं काही नाही. माझी ती वही आहे अजून."

पलीकडे रिसीव्हर खरखरला.

"आयलीन त्या घरात राहते," ते म्हणाले.

"हो सर."

"ती बहात्तर वर्षांची आहे."

"हो सर. डोरोथीपण एकाहत्तर वर्षांची आहे."

पुन्हा श्वास. मग नर्सचा आवाज आला, "ते दमलेत, मॅडम," आणि फोन बंद झाला.

ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. विभावरी नऊ दिवस थांबली. रोज ती ऑफिसला जायची, नंबर घालायची, घरी येऊन कुकर लावायची. रोज तिला वाटायचं, आज फोन येईल आणि ते म्हणतील, जाळून टाक ती वही. मी जाळली असती का, हेही तिनं स्वतःला विचारून पाहिलं. घरदार, चर्चचा कारभारी, पिवळा रंग, ह्यातलं काय सांगायचं आणि काय नाही? सगळं सांगितलं तर तिकडे एका म्हातारीच्या दारात ते जाऊन पडणार. काहीच नाही सांगितलं तर पटातून नाव पुसणारं तिचं बोट दुसऱ्यांदा तेच करणार.

दहाव्या दिवशी सुट्टीत तिनं कंप्युटरवर टाइप करायला घेतलं. वहीतलं सगळं तिनं लिहिलं नाही. घर कुणी घेतलं, ते सोडून दिलं. ते मिस्टर हॅरल्डचं होतं, त्यांनीच कधी तरी सांगावं. लेना ऑक्टोबरात तापानं गेली, बापानं तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं, गावानं तिला आत जागा दिली नव्हती, हे लिहिलं. लेनाला हाताला धरून शाळेत नेणारी एक मुलगी होती. ती मोठी झाल्यावर तिनं त्या जागेवर लिलॅक लावला, आणि तुमच्या आजीची पत्रं तिनं वाचली होती, हे लिहिलं. ईशान्य कोपऱ्यातला खांब, सरळ पूर्वेला बावीस पावलं. शेवटी लिहिलं: 'शाळेच्या पटात लेनाचं नाव सतरावं होतं. ते मी काढलं. मला तसं सांगितलं होतं, पण काढलं मी.' हे वाक्य तिनं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. जबल अलीच्या पोस्टात बिलकीस तिच्याबरोबर आली. पत्र टाकल्यावर दोघींनी समोरच्या कॅफेटेरियात उभ्यानं चहा घेतला.

पत्र गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी फॅक्स आला. नर्सिंग होमच्या कागदावर, नर्सच्या गोल अक्षरात, चार ओळी:

'मिस्टर लिंडक्विस्ट गेला आठवडाभर हे सांगायचा प्रयत्न करत होते. मला आज नीट कळलं. त्यांचा निरोप असा: माझी आई पाच फूट दहा इंच उंच होती. त्या बाईला सांग, पावलं लांब टाकायची.'

विभावरीनं तो कागद तिथंच उभ्यानं वाचला. मशीनला टेकून पुन्हा वाचला. पलीकडच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन म्हणाला, "ऑल ओके, मॅडम?" तिनं मान हलवली. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा तिनं ओढणीनं पुसले. मग जागेवर बसून दुसरं पत्र टाइप केलं. फक्त दोन ओळींचं.

डोरोथीचं उत्तर एप्रिल उजाडला तेव्हा आलं. तोवर इराकमध्ये युद्ध सुरू झालं होतं, यार्डात अर्धं काम बंद होतं आणि कंपनी माणसं कमी करणार अशी कुजबुज चालली होती. पत्र जाड होतं, आत एक फोटो होता.

'हिवाळाभर जमीन गोठून दगडासारखी होती,' तिनं लिहिलं होतं, 'म्हणून मार्चअखेर गेलो. मी पाच फूट एक इंच आहे, तेव्हा पावलं माझ्या पुतण्यानं टाकली. तो उंच आहे. लिलॅक नव्हता. बाहेरची जमीन ज्या शेतकऱ्याची आहे, तो म्हणाला, इथं एक चिवट झुडूप होतं खरं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी ते नांगरून काढलं, मला काय माहीत. तो बिचारा टोपी काढून उभाच राहिला. ह्यापुढे तेवढा तुकडा नांगरणार नाही म्हणाला. आम्ही एक लहान दगड बसवला, त्यावर नाव आहे.

'मिस्टर लिंडक्विस्ट मार्चच्या पहिल्या आठवड्यात वारले. तुम्हाला कुणी कळवलं असेल की नाही ठाऊक नाही म्हणून लिहिते. जायच्या आधी त्यांनी बहिणीला काही सांगितलं असावं. आम्ही दगड बसवत होतो तेव्हा ती गाडी घेऊन आली. कुंपणापाशी थांबली. खाली उतरली नाही. आम्ही थंडीनं कुडकुडत होतो. शेवटी तिनं काच खाली केली आणि कॉफीचा थर्मास बाहेर धरला. मी जाऊन घेतला. तिथं उभं राहून आम्ही ती सगळी संपवली आणि मी रिकामा थर्मास तिला परत दिला. तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग गेली.'

फोटोत सपाट, तपकिरी जमीन होती. वर नुसतं आभाळ. मधोमध एक करडा दगड, इतका लहान, की माहीत नसेल त्याला दिसायचाही नाही.

विभावरीनं पत्र बिलकीसकडे दिलं. बिलकीसला इंग्रजी जेमतेम यायचं. ती शब्दाला शब्द लावत वाचत राहिली. थर्मासपाशी आली तेव्हा थांबली आणि म्हणाली, "बघा."

विभावरी उठून नव्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. चौदा वर्षांत तिनं तापाशिवाय रजा घेतली नव्हती. साहेबांनी कंप्युटरवरून नजर काढून विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम नाही सर. दमलेय मी."

मधल्या वेळी बस नसते. एका सप्लायरच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ती करामाला उतरली. घरी कुणी नव्हतं. भांडी सिंकमध्ये होती, ती तिनं तशीच राहू दिली. पडदे ओढले, पंखा लावला आणि साडीही न बदलता पलंगावर पडली.

साडेचारला अथर्व शाळेतून आला. दुपारी आई घरात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दारात थबकून त्यानं हळू आवाजात विचारलं, "मम्मी? आर यू ओके?"

ती गाढ झोपली होती. त्यानं दप्तर खाली ठेवलं, बूट काढून आत आला आणि तिच्या खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं.